पाइपाला बांधलेलं पांढरं लुगडं

ओव्हाळ मॅडमनी माझ्या पायलला शाळेत बसवलं. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणालाही वाटेल की हा माणूस गेलेल्या बाईंना नावं ठेवायला बसलाय. नावं ठेवणार आहेच मी. त्या होत्या तेव्हा तोंडावर ठेवली, आता मागे गोड गोड लिहिलं तर त्यांनाच ते खोटं वाटेल. पण उपकार आधी. गावाकडचा दाखला नाही म्हणून आमच्या भागातल्या शाळेने माझ्या लेकीला दारातूनच परत लावलं होतं. मॅडम सकाळी जाऊन ऑफिसात बसल्या. तिथल्या बाई म्हणाल्या, नियम आहे. मॅडम म्हणाल्या, "दाखवा. मला वाचायची आवड आहे." बाईंना नियम काही सापडेना. दुपार झाली तशी मॅडमनी तिथेच टेबलावर डबा उघडला, भाकरी मोडली आणि म्हणाल्या, "सावकाश शोधा हो. मी निवृत्त आहे, मला घाई नाही. आणि दाखला नाही म्हणून मूल बाहेर ठेवता येत नाही, हा नियम मधे कुठे सापडला तर तोही काढून ठेवा." शाळा सुटायच्या आत पायलचं नाव पटावर आलं. बाहेर आल्यावर मी हात जोडले, तर माझ्यावरच खेकसल्या, "हात आता कसले जोडताय? आठवीत शाळा सोडलीत तेव्हा मास्तरांसमोर जोडायचे होते." ...अशा होत्या.

मी बालाजी, नांदेडच्या मुखेडकडचा. लोणी काळभोरच्या पुढे, सोलापूर रस्ता सोडून आत, नाल्याच्या काठावर प्लास्टिकच्या भंगाराची शेड आहे, तिथे कामाला आहे. खोली शेडच्याच आवारात, म्हणजे काम गेलं की डोक्यावरचं छप्परही गेलं. हे छापून आलेलं शेठनी वाचलं तर काय, ही धाकधूक लिहितानाही आहेच. तर त्या दिवशी ग्राइंडर चालू होता. ग्राइंडर चालू असला की आम्ही खुणांनीच बोलतो. फोन थरथरला, मॅडमच्या भावजय ज्योतीताईंचा नंबर होता, आणि त्या काय बोलतायत ते ऐकू येईना. मी नुसता "हो, हो" करत होतो. ग्राइंडरवर माझ्याबरोबर असलेल्या सलीमभाईंनी माझा चेहरा बघितला आणि बटन बंद केलं. मशीन घरघरत थांबलं. मग ऐकू आलं, "ताई गेल्या हो सकाळी..." आणि त्याच्यामागे, शेडच्या टोकाला, पाइपातून नाल्यात पडणारं पाणी ऐकू आलं. ते एरवी ऐकू येत नाही. सलीमभाई म्हणाले, "आता त्या पोत्यांचं काय रे?" मला त्यांचा राग आला. माणूस गेलंय आणि याला पोत्यांचं पडलंय. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात पहिलं तेच आलं होतं.

पोती कसली ते सांगतो. त्यासाठी मॅडम पहिल्यांदा आल्या तिथून सुरुवात करावी लागेल. थंडीची सकाळ होती. नाल्यात गुडघ्यापर्यंत साडी खोचून एक म्हातारी बाई उभी, हातात दांडीला लावलेली पांढरी जाळी, काठावर काचेच्या बाटल्यांची पिशवी. शेठ मला म्हणाले, जा, बघ कोण आहे, आणि गेटबाहेर जाईपर्यंत तिला सोडू नको. मी जवळ गेलो. अजून तोंड उघडलं नव्हतं, तर बाई म्हणाल्या, "तिथंच थांबा. आधी तो स्वेटर काढा." मला कळेना. मी म्हटलं, थंडी आहे. "मला दिसतंय थंडी आहे. तुमच्या स्वेटरचे धागे माझ्या बाटलीत पडतात. मला नदीत काय आहे ते बघायचंय, तुमच्या अंगात काय आहे ते नाही." त्यांच्या स्वतःच्या अंगावर सुती साडी, सुती ब्लाउज आणि डोक्याला सुती पंचा, बास. कुडकुडत होत्या, ओठ निळे पडले होते, पण लोकर नाही की शाल नाही. बाटलीचं झाकण उघडायच्या आधी जवळच्या प्रत्येकाने अंगावरचं असलं सगळं उतरवायचं, हा त्यांचा कायदा. पुढे कुठल्याही पुलाखाली, कुठल्याही घाटावर त्यांच्याबरोबर गेलो तरी आधी तेच, स्वेटर काढा. जन्मभर सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासलेली बाई. निवृत्त झाल्यावर लोक यात्रा करतात, या नाल्यात उतरल्या.

शेठनी मागे राहायला सांगितलं म्हणून मी मागे राहिलो, आणि मागे राहिलो म्हणून बाटल्या उचलाव्या लागल्या. भांडण मात्र पहिल्या दिवसापासून. आमच्याकडे काय होतं, तर तुमच्या घरातल्या फुटक्या बादल्या, शाम्पूच्या बाटल्या, दुधाचे क्रेट, खुर्च्या, हे सगळं रंगाप्रमाणे वेगळं करून ग्राइंडरमध्ये टाकायचं. त्याचे नखाएवढे तुकडे होतात. ते हौदात धुवायचे, वाळवायचे आणि पोत्यात भरून पुढच्या कारखान्याला पाठवायचे. तिथे परत नवी बादली होते. चांगलं काम आहे असंच मी समजत होतो. गावाकडे कुणी विचारलं तर छातीने सांगायचो. मॅडमना मी तेच म्हटलं, "तुम्ही पुण्याची माणसं कचरा करता, आम्ही संपवतो. आणि वर आमच्याच दारात येऊन जाळ्या लावता?" त्यांनी बाटली उन्हात धरली. पाणी गढूळ, आणि त्यात निळे, लाल, हिरवे ठिपके गोल फिरत होते, काही इतके बारीक की बाटली हलली तरच दिसायचे. "बालाजी, तुम्ही कचरा संपवत नाही. बारीक करता. मोठा होता तोवर तो निदान उचलता तरी येत होता." ग्राइंडरमध्ये तुकड्यांबरोबर पिठासारखा चुरा निघतो, तो हौदाच्या पाण्याबरोबर पाइपातून नाल्यात, नाल्यातून मुळा-मुठेत, आणि पुढे उजनीच्या धरणात. तिथून लोक पितात, तिथले मासे बाजारात येतात. हे त्यांनी सांगितलं आणि मला जे वाटलं ते लाज वगैरे नव्हतं. मला वाटलं, ही बाई आमची शेड बंद करणार. कागद करणार, साहेब आणणार, टाळं लावणार, आणि माझी संगीता आणि पोरं परत मुखेडच्या गाडीत. मी तोंडावर विचारलंही. तर म्हणाल्या, "टाळं लावून काय करू? तुमचे शेठ चार मैलांवर दुसरी शेड टाकतील, आणि मला तिथपर्यंत चालावं लागेल. मला टाळं नको, पाणी पाहिजे." माझा विश्वास बसला नाही. अशा गोड गोष्टी सगळेच साहेब बोलतात. फरक एवढाच की या गोडसुद्धा बोलत नव्हत्या.

एकदा बाटल्या पोचवायला सदाशिव पेठेत त्यांच्या घरी गेलो. जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक, आणि त्याला झाकण म्हणून काचेचा उलटा वाडगा, धूळ बसू नये म्हणून. त्यांनी मला बघायला लावलं. आमच्या नाल्याच्या पाण्यात रंगीत कपचे होते, ते माझ्या ओळखीचेच. पण शहरातल्या पुलाखालच्या पाण्यात धागेच धागे होते, निळे, काळे, गुलाबी, एकमेकांत अडकलेले, न्हाव्याच्या दुकानात झाडून गोळा केल्यासारखे. ते कपड्यांचे. लेगिंग, जर्सी, ब्लँकेट, शाळेचे गणवेश, मशीनमध्ये धुतले की झडतात, आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातूनही त्यातले बरेच निसटतात. मधे मधे काळे रबराचे कण होते, ते टायरचे, रस्त्यावरून वाहून आलेले. मला तर आनंदच झाला. म्हटलं, "म्हणजे आम्हीच नाही! तुमची सदाशिव पेठ पण आहे!" मॅडम म्हणाल्या, "आहे तर. चोरांच्या रांगेत तुमच्यापुढे बरेच जण उभे आहेत, एवढंच. रांग तीच." त्यांनी स्वतःच्या मशीनच्या नळीचं पाणी पण तपासलं होतं, आणि त्या दिवसापासून नळीच्या तोंडाला जुना सुती पायमोजा बांधला होता. सोसायटीच्या बैठकीत त्यांनी सांगितलं की सगळ्यांनी असं काहीतरी बांधा. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही आता आमच्या मशीनला बूट पण घाला." सगळे हसले. त्यांनी हौसेने घरोघरी वाटलेले पायमोजे मला जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात दिसले. मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांनी ते बघितलेच होते. म्हणाल्या, "शिकलेली माणसं आहेत. कचरा डब्यातच टाकतात."

आता साडीचं. याबद्दल मी त्यांना कधीच माफ केलं नव्हतं, आणि आजही अर्धंच केलंय. मॅडम रोज येतात म्हणून शेठ वैतागले होते. ते म्हणाले, काहीतरी लावा त्या पाइपाला आणि बाईंना घालवा. सलीमभाईंनी दोन ड्रम जोडले, म्हणजे तरंगणारा चुरा वरच्यावर काढता येईल, आणि शेवटी पाइपाच्या तोंडाला कापड बांधायचं ठरलं. आपण घरी पाणी गाळतोच की पदराने. संगीताने पेटीतली साडी काढली. गुलाबी, तिच्या भावाने राखीला दिलेली, पुण्यात येताना नेसून आलेली. मी म्हटलं, अगं ही कशाला? तर म्हणाली, "जुनी फाटकी कशी द्यावी? त्या बाई बघायला येणार हायत." चार पदर करून तिनेच ती पाइपाला बांधली. आठवड्याने मॅडमनी बाटली भरून नेली, आणि दुसऱ्या सकाळी रिक्षा करून आल्या त्या तणतणतच. सगळ्या बायका माल निवडत बसल्या होत्या, त्यांच्यासमोर पाइपाजवळ उभ्या राहून ओरडल्या, "हे कुणी केलं? प्लास्टिकचं पाणी प्लास्टिकने गाळताय? आधी नुसता चुरा होता, आता बाटलीत गुलाबी धागे भरलेत! ही साडी नाही, ही घाण आहे!" साडी पॉलिस्टरची होती. पाण्याच्या जोराने रोज झिजत होती, आणि झिजलेलं सगळं नाल्यात. चूक आमची, मान्य. पण संगीता तिथेच बसली होती. ती उठून खोलीत गेली. बाकीच्या बायका खाली बघत राहिल्या. मी मॅडमना म्हटलं, "ती घाण माझ्या बायकोच्या भावाने दिलीय. तुमची नदी तुमच्यापाशी ठेवा. परत इथे पाय ठेवू नका." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पिशवी उचलली आणि निघून गेल्या.

मला वाटलं, सुटलो. शेठही खूश. काही दिवस गेले आणि रविवारी दुपारी मॅडम आमच्या खोलीच्या दारात. हातात दोन पिशव्या. मी दारातून हललो नाही. त्या माझ्याकडे न बघता आत म्हणाल्या, "संगीता, तुझी साडी आणलीय. त्या दिवशी पाइपाची सोडवून सलीमभाईंनी गेटबाहेर माझ्याकडे आणून दिली होती." साडी धुतलेली, इस्त्री केलेली, कागदात गुंडाळलेली. हाताने धुतली होती त्यांनी, आणि धुतलेलं पाणी, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, पंच्यातून गाळून मग ओतलं होतं. माफी मागितली नाही. मागताच यायची नाही त्यांना. संगीताने साडी घेतली आणि म्हणाली, "बाई, तुम्हाला बोलता येत नाही का नीट?" मी हादरलो. मॅडम म्हणाल्या, "नाही येत. आईपण हेच म्हणायची." मग दुसरी पिशवी उघडली. त्यात पांढरी सुती लुगडी होती, नऊवारी, मऊ पडलेली, कडेला बारीक निळी रेघ. आईचीच. आई पौर्णिमेला विहारात जाताना ही नेसायची, एरवी घडी घालून ठेवायची. दीक्षेच्या वेळेचं एक त्यांनी स्वतःपाशी ठेवलं होतं, बाकीची सगळी आणली होती. मी म्हटलं, "मॅडम, ही त्या घाणीला बांधायची?" तर म्हणाल्या, "मग काय कपाटाला बांधू? सुती धागा झिजला तरी कुजून माती होतो. तुमचा तो गुलाबी धागा पायलच्या नातवंडांच्या बारशालाही असाच असेल." संगीता म्हणाली, "परत साडीवर आल्या बघा." आणि हसली. मी नाही हसलो. पण बांधायला मीच गेलो.

पांढऱ्या लुगड्याने काम केलं. सगळा चुरा धरला असं नाही, मॅडमही तसं कधी म्हणाल्या नाहीत, पण बाटली उन्हात धरली की ठिपके आता शोधावे लागायचे. कापड लवकर तुंबायचं, सारखं काढायचं, उलटं करायचं, आतला थर खरवडायचा. तो थर चिखलासारखा असतो, रंगीबेरंगी, ओला, वास मारणारा. तो वाळवून पोत्यात भरायचा. हीच ती पोती. शेठना वाटलं होतं कापड बांधलं की बाई जातील. बाई गेल्या नाहीत आणि वर पोती साठायला लागली. हे वितळवून याचा नवा प्लास्टिकचा दाणा होत नाही, कुणी विकत घेत नाही, जाळलं तर काळा विषारी धूर. शेठ म्हणाले, "बालाज्या, हे नाल्यात ओत आणि मोकळा हो. नाहीतर तू आणि तुझी पोती दोघं बाहेर." मी घाबरलो, मॅडमना फोन केला. त्या आल्या, शेठसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "याला जरूर काढा. मग रोज संध्याकाळी पाइपात हात तुम्ही घालणार ना? वेळ सांगून ठेवा, मी फोटो काढायला येते." शेठनी मला ठेवलं. पोत्यांसाठी मॅडमनी सिमेंटच्या भट्ट्यांकडे चौकशी चालवली होती. तिथे असला माल फार मोठ्या आचेत जाळून टाकतात, पण त्यांना ट्रकभर लागतो, आणि परवानगीचे कागद. "ट्रकभर होईपर्यंत सांभाळा. कागदांचं मी बघते." हे त्यांचं आमच्याशी ठरलेलं बोलणं. पायलच्या शाळेचं झालं ते याच दिवसांत.

शेवटची भेट हॉस्पिटलात. पोटाचं दुखणं होतं, त्यांनी अंगावर काढलेलं. मी संगीताने शिवलेली गोधडी घेऊन गेलो, आतून बाहेरून सगळी सुती, तिने धागासुद्धा बघून आणला होता. मॅडमच्या अंगावर हॉस्पिटलचं ते मऊ मऊ चकचकीत ब्लँकेट होतं. मला बघून डोळ्यांनीच त्याच्याकडे खूण केली. मी ते काढलं आणि गोधडी घातली. फार बारीक झाल्या होत्या, गोधडीखाली माणूस आहे की नाही कळेना. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलतील, पायल कशी आहे विचारतील. तर म्हणाल्या, "कापड बदललं का?" मी म्हटलं, कालच. "पोती जमिनीवर ठेवू नका. पावसात नाला शेडमध्ये शिरतो. आत्तापर्यंत धरलेलं सगळं एका रात्रीत जाईल." मी म्हटलं, मॅडम, तुम्ही बऱ्या व्हा, मग बघू. "मी बरी होत नाही, ते मला कळतं. तुम्ही पोत्यांचं बोला." ...माणसाने मरतानाही इतकं कडक असावं? मी बाहेर येऊन जिन्यात बसलो. मला त्यांचा राग आला होता, अजूनही येतो.

मॅडमच्या भावाने घरी पुण्यानुमोदन केलं, वंदना झाली, साधं, शांत. मी मागे बसलो होतो. ते ठीक होतं. पण नंतर त्यांच्या सोसायटीने आणि नदीवर प्रेम करणाऱ्या एका मंडळाने मिळून हॉल घेऊन शोकसभा ठेवली, तिथे ज्योतीताईंनी मला आग्रहाने नेलं. मंडळातले सगळे निळ्या टी-शर्टात, छातीवर नदीचं चित्र. मी बोटाने चाचपून बघितलं, पॉलिस्टर. भाषणं सुरू झाली. कुणी म्हणालं नदीची लेक, कुणी म्हणालं नदीची आई. सेक्रेटरी साहेबांनी रुमाल काढला, म्हणाले, "आमच्या सोसायटीचं भूषण होत्या. त्यांचा प्रत्येक शब्द आम्ही झेलला." मग सूत्रसंचालक म्हणाले, की ताईंचे सहकारी बालाजी आले आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. एवढ्या लोकांसमोर मी कधी उभा राहिलेलो नाही. माइक हातात आला आणि ठरवलेलं सगळं विसरलो. एवढंच निघालं, "सेक्रेटरी साहेब, मॅडमनी दिलेले ते पायमोजे आता कुठे आहेत?" साहेब म्हणाले, "अं... कसले पायमोजे?" मी म्हटलं, "बास, एवढंच विचारायचं होतं," आणि खाली बसलो. पुढे बसलेल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "कोण आहे हा? प्रसंग तरी बघावा माणसाने." बघितला होता, बाई. म्हणूनच विचारलं.

शेवटी शाल आणि श्रीफळ. जिवंतपणी मॅडमनी कुठल्या सत्कारात शाल अंगावर घेतली नव्हती, एकदा तर व्यासपीठावरच शालीचं टोक चिमटीत धरून म्हणाल्या होत्या, "ही मी घेतली तर उद्या मलाच माझ्या बाटलीत सापडेल." आता नाही म्हणायला त्या नव्हत्या. शाल फोटोला घातली, चकचकीत, सोनेरी काठाची, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. लोक चहाकडे वळले तेव्हा ज्योतीताईंनी ती काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "मी घरी नेली तर ताई मला रागावतील असं वाटतं. तुम्हीच बघा हिचं काय करायचं." माझ्या बोटांना भेगा आहेत, हौदात तुकडे धुवायच्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने पडलेल्या. शाल त्या भेगांत अडकायला लागली, प्रत्येक बोटाला एकेक तार. बसमध्ये मी विचार करत आलो. टाकली तर कुठल्या तरी नाल्यात जाणार. जाळली तर धूर. वापरली तर धुवावी लागणार. आमच्या ग्राइंडरमध्ये कापड चालत नाही. एवढ्या मोठ्या पुण्यात एका शालीला ठेवायला जागा सापडेना. शेवटी संगीताच्या गुलाबी साडीशेजारी पेटीत ठेवली. असू दे. निदान झडत तरी नाही.

आता पाऊस तोंडावर आहे. शेठनी परत सांगितलंय, बाई गेली, आता पोती हलवा. हलवली मी. आमच्या खोलीत. खाली विटा लावल्या, वर फळ्या, त्यावर भिंतीला लागून पोती, पार छतापर्यंत. झोपायला जागा कमी पडते, वास येतो, आणि संगीता रोज म्हणते, "मॅडम सुटल्या आणि पोती आमच्या उरावर." म्हणते आणि पोत्यांची तोंडं तीच शिवते. सगळ्यात खालच्या रांगेतलं एक पोतं जरा पुढे आलंय, त्यावर वही ठेवून पायल अभ्यास करते. ते तिचं टेबल. सलीमभाईंच्या पुतण्याला संगणकाचं कळतं, त्याच्याकडून भट्टीवाल्यांना लिहून घ्यायला लागलोय. उत्तर नाही. लिहिणं चालू ठेवणार. ट्रक भरायला अजून बराच वेळ आहे, आणि तोवर शेठनी काढलं तर या पोत्यांसकट कुठे जायचं, हे मला अजिबात माहीत नाही. रात्री तीच भीती असते.

आज संध्याकाळी कापड बदललं. हे मॅडमच्या आईंच्या लुगड्यांतलं शेवटचं. पांढरं आता कुठे राहिलंय, मधोमध निळं-हिरवं झालंय, पण काठाची ती बारीक रेघ अजून दिसते. गाठ मारायच्या आधी मी स्वेटर काढतो. बाटली नाही, जाळी नाही, बघणारं कुणी नाही, आणि या उकाड्यात स्वेटर तर नसतोच, मग अंगातला टी-शर्ट काढतो. सलीमभाई हसतात. हसू देत. हे लुगडं फाटलं की गावाहून वडिलांची धोतरं मागवणार आहे, सुती आहेत, विचारून ठेवलंय. मॅडम, तुम्ही माझ्या लेकीसाठी दिवसभर त्या ऑफिसात बसलात. मला तुमच्यासारखं बोलता येत नाही, पण बसता येतं. ट्रक भरेल, मी त्याच्याबरोबर भट्टीपर्यंत जाईन, शेवटचं पोतं आत गेलेलं डोळ्यांनी बघीन आणि मगच परत फिरेन. तुमचे उपकार त्या दिवशी फेडीन. कधी ते सांगता येत नाही, पण फेडीन.